'मेल्या'ला उणे पाच

५ जानेवारी

मेल्या,

पहिल्याच शब्दाला पाच गुण गेले. उणे पाच. हा भाव मला काल कळला, म्हणून मुद्दाम कागदावर लिहितेय. तुझ्या कंपनीचं यंत्र अजून कागद वाचत नाही. ऑफिसच्या ग्रुपवर मी काय लिहिते, मेलमध्ये काय लिहिते, ते म्हणे वर्षभर सगळं वाचत होतं. आणि मला आपलं वाटायचं, या ऑफिसात माझं बोलणं कुणी मनावर घेत नाही.

तू फोन उचलत नाहीस. आई गेल्यापासून नाहीच. मी करत राहते, तो वाजत राहतो, मग एक बाई सांगते की तू उपलब्ध नाहीस. तिचा आवाज मोठा गोड आहे, तिला पैकीच्या पैकी. पण काल तुझं दर्शन घडलं. आमच्या विमा कंपनीच्या मोठ्या सभागृहात, भिंतीवर. फोटोत तू कोट घालून, हाताची घडी घालून उभा, खाली लिहिलेलं: 'संघटनांच्या मनाचे अभियंते'. माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण बसतो, त्याला आम्ही लंबू म्हणतो. अंगाने खांब, स्वभावाने पडदा, वारा येईल तिकडे. तो म्हणाला, "ताई, हा माणूस अगदी तुमच्यासारखं नाक उडवतोय बघा."

मी म्हटलं, "नाक सगळ्यांनाच असतं मेल्या. खाली बस, मागच्यांना दिसत नाही." हे तोंडी बोलले, तेव्हा मोजलं गेलं नसावं.

मग आमच्या कर्मचारी विभागाच्या बाईंनी समजावून सांगितलं. विषय होता 'कार्यस्थळाचं हवामान'. लंबू कुजबुजला, "छत्री आणायची होती का?" आम्ही इथे अकरा हजार माणसं. प्रत्येकाचा एक ठिपका. ठिपक्याला स्वभाव, आणि स्वभाव आम्ही एकमेकांना काय लिहितो त्यावरून. शब्दाला गुण, गुणांवरून रंग. समाधानी तो हिरवा, वैतागलेला तो लाल. धुण्यात नव्या कपड्याचा रंग लागावा तसा एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. मग संगणक त्या ठिपक्यांचं ऑफिस चालवतो, एका दुपारीत पाच वर्षं. कुणाला हलवलं, कुणाला काढलं तर बाकीच्यांचं काय होतं, ते माणसाला हात न लावता दिसतं. तुम्ही त्याला सिम्युलेशन म्हणता. आपण लहानपणी भातुकली म्हणायचो. फक्त तेव्हा बाहुलीला कुणी कामावरून काढत नसे.

तर पडद्यावर चौथा मजला आला. आमचा, दावे विभाग. खिडकीजवळ, खांबाला लागून एक ठिपका लालभडक, आणि त्याच्याभोवती पुरळ उठल्यासारखे गुलाबी. बाई म्हणाल्या, "हा एक घटक आपण काढून पाहू." बटण दाबलं. ठिपका गेला. बघता बघता मजल्यावर हिरवळ उगवली. टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यांत आधी मीच वाजवल्या.

लंबू म्हणाला, "ताई, खिडकीजवळ, खांबाला लागून तर..."

"गप बस."

संध्याकाळी बाईंनी बोलावलं. बाई नम्र आहेत, त्यांना रागावायला जागाच सापडत नाही. म्हणाल्या, "यात वैयक्तिक काही नाही." मग माझे वैयक्तिक शब्द वाचून दाखवले. 'मेल्या' उणे पाच. 'जळलं मेलं' उणे सात. 'मुडद्या' हा शब्द त्यांनी रुमालात धरल्यासारखा उच्चारला. उणे दहा, त्याच्याखाली काही नाही, तळच. लंबूचा मुलगा तापाने फणफणला होता त्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं होतं: 'मर मेल्या, घरी जा, तुझी फाइल मी बघते.' यंत्राने काढलेला अर्थ असा: सहकाऱ्याच्या मृत्यूची इच्छा, नोकरी सोडण्यास चिथावणी आणि कंपनीच्या कागदपत्रांवर ताबा.

मला 'हस्तक्षेप' म्हणून तळघरात पाठवताहेत, जुन्या फाइलींच्या कोठारात. या महिनाअखेरीस नाही, पुढच्या महिनाअखेरीस आढावा आहे. तोवर मजला खरोखर हिरवा झाला तर मी कायमची खाली.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. त्यांना एक ओळ लिही, की 'मेल्या' म्हणजे मेलेला नव्हे. हे तुला नाही तर कुणाला ठाऊक? आईने तुला उभ्या जन्मात दुसऱ्या नावाने हाक मारली का? आणि घरात सगळे हसायचोच की.

तुझी,
ताई


१९ जानेवारी

मेल्या,

तुझ्या ऑफिसातून उत्तर आलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' खाली सही एका अशा माणसाची, ज्याला मी ओळखत नाही आणि जो मला 'आदरणीय मॅडम' म्हणतो. मॅडमला किती गुण आहेत रे? अधिक चार?

तळघराचं वर्णन करते, म्हणजे तुला मॉडेलमध्ये घालता येईल. छतापर्यंत लोखंडी कपाटं. एक ट्यूब जी पेटण्यापूर्वी विचार करते. एक टेबल, एक खुर्ची, दुसरी खुर्ची मागितली तर विचारलं, "कुणासाठी?" लिफ्ट तळमजल्यापर्यंतच उतरते, खाली जिन्याने यायचं. ज्याला जुनी फाइल हवी तो वरून फोन करतो, मी काढून टोपलीत ठेवते, शिपाई टोपली नेतो. शिपाई मुका नाही, पण त्याचीही भाषा सुधारलेली आहे.

हो, वर्ग घेतात. 'सकारात्मक संवाद'. मीही गेले, पहिल्या रांगेत बसले. 'डोकं फिरलंय का तुझं?' याऐवजी 'तुमचा दृष्टिकोन रोचक आहे' म्हणायचं. 'वाट लागली' याऐवजी 'शिकण्याची संधी मिळाली'. मी हात वर करून विचारलं, "आपल्याकडे एक अर्ज येतो. घर जळलं, आत आजोबा होते. दोघांनाही शिकण्याची संधी मिळाली, असं लिहू का?" वर्गात कुणी हसलं नाही. महिन्याभरापूर्वी हसले असते.

अरे, तू निदान एवढं तरी विचारायचंस की हा विभाग कशाचा आहे. आम्ही दिवसभर लोकांचं जळलेलं, बुडालेलं आणि मेलेलं मोजतो. 'मृत्यू' हा शब्द आमच्या अर्जावर छापून येतो. असली कामं करणारी माणसं दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची. मी त्यांना शिव्या द्यायचे, ती मला द्यायची, साहेबाला सगळे मिळून द्यायचो. मग आपापल्या जागी जाऊन पुन्हा मेलेल्यांचे अर्ज उघडायचो. तुझ्या पडद्यावर ते गुलाबी पुरळ दिसलं ना, ते हे.

आता म्हणे सगळे जिन्यात उभे राहून बोलतात. जिन्याला ठिपका नाही.

एक गोष्ट तुला सांगायची नव्हती, पण सांगते. आई गेल्यापासून घरी माझ्याशी भांडायला कुणी नाही. दिवसभराचं काय ते बोलणं त्या चौथ्या मजल्यावरच व्हायचं. ती जागा गेली तर मी संध्याकाळी कुलूप उघडताना आवाज बसलेला असेल, आणि तो न वापरल्यामुळे. म्हणून एक ओळ. फार नाही.

ताई


२ फेब्रुवारी

भाऊ,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या हाताचं. अक्षर अजून तसंच, ओळ संपत आली की खाली घसरणारं.

मी ते इतक्या वेळा वाचलं की आता न बघता लिहिता येईल. घे:

'ताई, चूक झालेली नाही. शब्दांचे गुण मी स्वतः बसवले. आईच्या तोंडचे शब्द वेगळे काढून मुद्दाम तळाला ठेवले, कारण ते कुठे लागतात ते मला माहीत आहे. तू म्हणतेस, घरात सगळे हसायचो. सगळे म्हणजे तू आणि आई. तुला ती "बाई माझी" म्हणायची. दवाखान्यात मी धावत पोचलो तेव्हा ती म्हणाली, "आलास मुडद्या? आता कशाला आलास?" तू हसलीस. नर्ससुद्धा हसली. मी दारातूनच मागे फिरलो. तुझ्या टेबलाभोवती जे हसतात, त्यांतला एक हसत नाही. मॉडेलमध्ये तो स्पष्ट दिसतो. नाव सांगणं नियमात बसत नाही.'

बरं.

मला आधी वाटलं होतं, तू कामात आहेस. मग वाटलं होतं, तुला मोठेपणा आलाय. हे नव्हतं वाटलं.

तू दारातून मागे फिरलास तेव्हा तिचे डोळे बघितले नाहीस. तीन दिवस ती दाराकडेच बघत होती. तिला तेवढी एकच भाषा येत होती रे. ती 'प्रिय चिरंजीव, तुझी आठवण येते' म्हणाली असती तर आपण दोघांनी डॉक्टरला बोलावलं असतं. आणि मी हसले ते तू आलास म्हणून हसले.

पण समज, लागलं. मला पटत नाही, पण समज. तुझं जे काय व्हायचं ते झालं. म्हणून अकरा हजार माणसांना उचलून आपल्या स्वयंपाकघरात आणून बसवायचं? त्यांच्या आया वेगळ्या, त्यांची घरं वेगळी. कुणाची आई गोड गोड बोलून गळा कापणारी असेल, तिच्या 'बाळा'ला तू अधिक पाच देऊन बसलास. एका घराच्या मापाने सगळ्या कंपनीचे कपडे शिवलेस, आणि आता म्हणतोस माणसंच बेढब आहेत.

त्या न हसणाऱ्याचं. मी मनातल्या मनात सगळ्यांना आळीपाळीने उभं केलं. काल लंबू स्वतः खाली आला, शिपाई सुट्टीवर होता म्हणून. विचारलं.

"मी तुला मेल्या म्हणते, ते लागतं का रे?"

"कुणी विचारायला सांगितलं? बाईंनी?"

"मीच विचारतेय."

"नाही हो ताई. सवय झाली."

"सवय झाली म्हणजे?"

"म्हणजे सवय. ती पुराची फाइल देता ना? साहेब थांबलेत."

दिली. तो वाकून दाराखालून गेला. उंच माणसाला सगळीकडे वाकायची सवय असते, त्यात माझ्या बोलण्याचा काय संबंध? हे तुझ्या उपयोगाचं आहे म्हणून मी सांगणार नव्हते. लिहून गेलं.

आढाव्याला तू पडद्यावर असणार आहेस, असं बाई म्हणाल्या. तिथे सगळ्यांसमोर सांग, की तळाचे गुण हे तुझ्या घरचे आहेत, कंपनीचे नाहीत. बाकी मॉडेल तुझं तुला लखलाभ. नाही सांगितलंस तर माझ्याजवळ तुझं पत्र आहे. ही धमकी समज. तुमच्या यंत्राला माझ्या धमक्या ओळखता येत नाहीत, तू तरी ओळख.

ताई


२८ फेब्रुवारी

भाऊ,

तू कॅमेरा का बंद केलास?

कळतंय मला. तरी विचारते.

तुझ्याकडून दिसत नसेल म्हणून सांगते, खोलीत काय होतं. लांब टेबल, तीन मोठे साहेब, बाई, सगळं लिहून घेणारा एक जण, एका टोकाला मी, भिंतीवर तू. थोरल्या साहेबांनी तुला विचारलं, "या कर्मचाऱ्याच्या बाबतीत मॉडेलबद्दल आपल्याला शंका आहे?" तू चष्मा पुसलास. म्हणालास, "नाही. निष्कर्ष योग्य आहे." माझ्याकडे न बघता. पडद्यावरचा माणूस कुणाकडे बघतो ते कळत नाही, हे खरं, पण मला कळलं.

मग लंबूला आत बोलावलं. "ताईंच्या भाषेचा तुम्हाला त्रास होतो?" तो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "त्रास असं नाही..." लिहून घेणाऱ्याने 'त्रास' एवढंच लिहून घेतलं. मला त्याचा कागद दिसत होता.

मग मला विचारलं, "आपला काही आक्षेप?"

मी तुझं पत्र काढलं. खरं सांगते, पहिल्या दोन ओळीच वाचायच्या होत्या. गुण मी स्वतः बसवले, आईचे शब्द तळाला ठेवले, बस. तेवढ्याने काम झालं असतं. पण थांबता येईना. 'बाई माझी' वाचलं. दवाखाना वाचला. दार वाचलं. नर्स वाचली. मध्ये तू "ताई" म्हणालास. एकदाच, अगदी हळू. इतक्या वर्षांत तू माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द, आणि मी त्याच्यावरून पुढे वाचत गेले. तुझा चौकोन काळा झाला, तेव्हा माझं शेवटचं वाक्य चाललं होतं.

मला वाटलं होतं, आता खोलीत काहीतरी होईल. कुणीतरी म्हणेल, अरे, हे तर भावाबहिणीचं भांडण, यात कंपनी कुठे आली?

बाईंनी डोळे पुसले. खरंच पुसले. म्हणाल्या, "किती मौलिक आहे हे! म्हणजे या आकड्यांमागे जिवंत अनुभव आहे." मधले साहेब म्हणाले, "मला वाटलं होतं, नुसतं गणित असेल." थोरले साहेब म्हणाले, "माहितीपत्रकात घ्या."

मग मला कायमचं तळघर. टेबलावरची माझी वस्तू म्हणून एक पेनस्टँड शिपायाने टोपलीतून खाली आणून दिला.

तू 'निष्कर्ष योग्य आहे' म्हणालास, म्हणून मी वाचलं. मी वाचणार होते हे तुला ठाऊक होतं, म्हणून तू म्हणालास का? की तुला खरंच तसं वाटतं? कुणी आधी काय केलं, हे ठरवायला आता आई नाही. ती असती तर दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालून मोकळी झाली असती.

माफी वगैरे शब्दांना तुमच्याकडे किती गुण देतात मला माहीत नाही. म्हणून लिहीत नाही.

ताई


१९ मार्च

.................,

वर काय लिहावं ते ठरेना, म्हणून जागा सोडली आहे. तुला सोसेल ते भर.

माहितीपत्रक आलं. चकचकीत कागद. दुसऱ्या पानावर एका दाराचं चित्र, अर्धवट उघडं, आणि खाली मोठ्या अक्षरात 'एका मुलाच्या वेदनेतून अकरा हजारांच्या समाधानाकडे'. आईचे शब्द छापलेले नाहीत. 'अपमानास्पद संबोधन' असं म्हटलंय. तू परवानगी दिलीस की तुला विचारलंच नाही? विचारलं नसेल तर मला कळव. त्यांना काय म्हणायचं ते माझ्याकडे भरपूर आहे, तळघरात सगळं पडून आहे.

लंबूने नोकरी सोडली. त्याच्या आधी आणखी एकीने. बाई म्हणाल्या, दोघांचेही ठिपके जरा फिकेच होते, त्यामुळे सरासरी सुधारली. तो निरोप घ्यायला जिना उतरून आला. "येतो ताई." मी विचारलं, दुसरीकडे मिळाली का. म्हणाला, मिळेल. शब्द अगदी ओठांवर आला होता. गिळला. म्हटलं, "सांभाळून राहा." तो लगेच गेला नाही. दाराच्या चौकटीला हात लावून थोडा थांबला. मला वाटतं तो वाट बघत होता. नसेलही. तुझं यंत्र असतं तर सांगता आलं असतं, मला सांगता येत नाही.

परवा बाई खाली आल्या. सोबत तुमच्या ऑफिसचा एक माणूस, लॅपटॉप घेऊन. दुसरी खुर्ची नाही म्हणून दोघं उभेच. मॉडेल पुन्हा चालवलं होतं. चौथा मजला हिरवा. सगळी इमारतच हिरवी. मग त्यांनी तळघर दाखवलं. एकच ठिपका, कपाटांच्या मध्ये, आणि तो इतका हिरवा की मला आधी ओळखूच आला नाही.

"अभिनंदन," बाई म्हणाल्या. "बघा, माणूस बदलू शकतो."

मी म्हटलं, "मी तर काहीच बदललं नाही. दिवसभर एक शब्द लिहिलेला नाही."

बाई फोन आला म्हणून जिन्यात गेल्या, तेव्हा तुमच्या माणसाने खरं सांगितलं. भला वाटला. म्हणाला, रंग ठरतो तो शेजाऱ्यांशी होणाऱ्या देवाणघेवाणीवरून. ज्याला शेजारीच नाहीत, कुणी काही लिहीत नाही, जो कुणाला काही लिहीत नाही, त्याचं मोजायला काही उरत नाही. जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून असा ठिपका मॉडेल समाधानी धरतं.

"हा नियम कुणाचा?"

"सरांचा. सुरुवातीपासून आहे. सर म्हणतात, ज्याला कुणी काही बोलत नाही, तो सुखी."

मी त्याला विचारलं, सर राहतात कुठे, कसे आहेत. म्हणाला, घरी कधी गेलो नाही, कुणीच जात नाही. एकटेच असतात. रविवारीही ऑफिसात येतात, दार लावून बसतात.

तेव्हा काळजी करू नकोस. तुझ्याच हिशेबाने आपण दोघं बहीणभाऊ हिरवेगार आहोत.

ताई